पेठ नाका

मित्रांनो, पेठ नाका माहीत नाही असा मुलगा आपल्या हॉस्टेलला शोधून सापडायचा नाही. पुणे-सातारा-कराडकडून येणारी गाडी हायवेला थांबते, कंडक्टर "पेठ नाकाऽऽ" म्हणून ओरडतो आणि आपण सॅक, बादली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा सांभाळत खाली उतरतो. इथून सांगलीकडं वळायचं. पुढची गाडी कधी दहा मिनिटांत मिळते, कधी तासभर मिळत नाही. मग चहा, मग वडापाव, मग पुन्हा चहा. पहिल्या वर्षात मी या नाक्यावर मिळून किती तास काढले असतील त्याचा हिशोब केला तर एम-टूचा पेपर निघाला असता!

पण एवढे तास काढूनही मला एक गोष्ट माहीत नव्हती. ज्या पेठ गावाच्या नावानं हा नाका आहे, त्याच गावचा एक बॉक्सर होता. आणि भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक त्यानंच आणलं होतं, तेही बॉक्सिंगमध्ये नाही, तर पोहण्यात.

मुरलीकांत पेटकर. हे नाव मला कळलं ते जून २०२४ मध्ये. 'चंदू चॅम्पियन' लागला होता. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली होती, रूममेटनं तिकिटं काढली आणि आम्ही सहा जण गेलो. पिक्चर सुरू झाला आणि पडद्यावर सांगली, कुस्ती, खाशाबा जाधवांचं स्वागत! आमचं गाव कराडजवळ. खाशाबांचं गोळेश्वर आमच्याकडून हाकेच्या अंतरावर. म्हणजे माझ्या घराजवळचा एक आणि कॉलेजजवळचा एक, आणि दोघांच्यामध्ये एसटीचा जेमतेम पाऊण तास. मध्यंतरात मी पॉपकॉर्न विसरून मोबाईलवर शोधत बसलो.

पिक्चरमध्ये थोडं मीठमसाला असतंच. म्हणून नंतर लायब्ररीत आणि इंटरनेटवर बसून जे पक्कं सापडलं तेच इथं सांगतो.

पेटकर लहानपणी कुस्ती खेळले, आपल्याकडचं प्रत्येक पोरगं खेळतं तसं. मग लष्करात गेले. ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या कोअरमध्ये क्राफ्ट्समन, म्हणजे एका अर्थी आपलेच भाऊबंद! तिथं त्यांच्या हातात ग्लोव्हज आले. आपल्या भागात तालीम गल्लोगल्ली मिळेल, पण बॉक्सिंगची रिंग शोधावी लागेल. पेठचं पोरगं बॉक्सर झालं ते लष्करामुळं. १९६४ मध्ये टोकियोला सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते भारताकडून रिंगमध्ये उतरले.

आणि दुसऱ्याच वर्षी १९६५ चं युद्ध. अंगात अनेक गोळ्या शिरल्या, त्यातली एक मणक्यात कायमची राहिली. कमरेखालचं शरीर गेलं. बॉक्सरचं करिअर ऐन विशीत संपलं.

इथं मला एका इटालियन बॉक्सरची गोष्ट आठवते. आमच्या विंगमध्ये बॉक्सिंगचं वेड असलेला एक जण आहे, त्याच्याकडून ऐकलेली. नीनो बेनवेनुती. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये वेल्टरवेट गटात त्याचं सुवर्ण. त्याच ऑलिम्पिकमध्ये कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मोहम्मद अली, यानंही सुवर्ण जिंकलं होतं. पण स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक मिळाला तो बेनवेनुतीला. एप्रिल १९६७ मध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथला हरवून मिडलवेटचं जगज्जेतेपद घेतलं. सप्टेंबरमध्ये ते ग्रिफिथकडं गेलं, मार्च १९६८ मध्ये यानं परत आणलं. १९७० मध्ये रोममध्येच कार्लोस मोन्झोननं त्याला पाडलं. १९७१ मध्ये परतीच्या लढतीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला आणि खेळ संपला. मे २०२५ मध्ये तो वारला.

बॉक्सरचं करिअर असं असतं. चढण, शिखर, उतार आणि शेवटी कोपऱ्यातल्या माणसानं टाकलेला टॉवेल. पेटकरांच्या वाट्याला चढणसुद्धा पुरती आली नाही. बेनवेनुती मॅडिसन स्क्वेअरमध्ये हात वर करून उभा होता, तेव्हा आपला बॉक्सर व्हीलचेअरवर होता.

पुढं काय झालं? मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार चालू होते. फिजिओथेरपी म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. पाय चालत नव्हते, पण खांदे बॉक्सरचे होते! १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते टेबल टेनिस खेळले. आणि ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल, वेळ ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि सुवर्णपदक. भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलममध्येही ते अंतिम फेरीत पोचले होते. ऑलिम्पिकमधलं भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राचं, ते २००८ मधलं. म्हणजे पेठचं सोनं त्याच्याआधी ३६ वर्षं आलेलं.

मी कॅल्क्युलेटर काढला. ५० भागिले ३७.३३ म्हणजे सेकंदाला १.३४ मीटर. ताशी ४.८ किलोमीटर. मेस बंद व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना आपण हॉस्टेलवरून झपझप चालतो ना, तो वेग. ज्यांना एक पाऊल टाकता येत नव्हतं ते नुसत्या हातांनी पाण्यातून आपल्या चालीनं गेले होते.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी सुट्टीला घरी गेलो. आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

मला एक मोठा भाऊ आहे. मी त्याला दादा म्हणतो. सातारा जिल्ह्यातली पोरं पहाटे हायवेच्या कडेनं पळताना तुम्ही एसटीच्या खिडकीतून बघितली असतील. भरतीची पोरं. दादा त्यातलाच. संध्याकाळी तालीम, पहाटे सोळाशे मीटर. डिसेंबर २०२१ मध्ये रात्री मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. ट्रॉलीला ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मणक्याला मार बसला. दोन ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी आण्णांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते आण्णांनी आईला चार दिवस सांगितलं नाही. तेव्हापासून दादा सोप्यातल्या कॉटवर. खिडकीतून रस्ता दिसतो. पहाटे पळणाऱ्या पोरांच्या बुटांचा आवाज आला की तो भिंतीकडं तोंड करायचा.

मी बॅग टाकली आणि उत्साहानं सुरू झालो. पेठ, बॉक्सिंग, टोकियो, गोळ्या, पोहणं, हायडेलबर्ग, ३७.३३. हातवारे करून सांगितलं. दादानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, लागतंय! शेवटी मी म्हणालो, "बघ दादा, माणसानं मनात आणलं तर..."

"झालं?" दादा म्हणाला.

"झालं."

"त्यांना पाण्यात कुणी सोडलं रं?"

"म्हणजे?"

"म्हणजे दवाखाना हुता. तलाव हुता. पाण्यात सोडाय माणसं हुती. व्हय का न्हाय? जर्मनीला काय कॉटसकट गेलं का? कुणी तिकीट काढलं आसंल. आन् आपल्या घराला पाच पायऱ्या हायत. मला अंगणात जायचं म्हटलं तर आण्णा आन् तू, दोघं लागता. तू हॉस्टेलला, आण्णा शेतात. दीड म्हैना झाला, मी अंगण बघितलं न्हाई. आधी मला अंगणात तर जाऊ दे. मग जर्मनीचं बघू."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज मात्र थांबला होता.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी एवढं शोधून आणलं आणि हा असं बोलतो. रात्री झोप लागेना. मग उठून पुन्हा तेच सगळं वाचलं, पण या वेळी दादाचा प्रश्न घेऊन. कुणी सोडलं? कुणी नेलं? तेव्हा जे दिसलं ते आधी मला दिसलंच नव्हतं, कारण मी फक्त पदक बघत होतो.

पेटकरांच्या मागं नौदलाचा दवाखाना होता. त्यांच्या परदेशवारीच्या तिकिटांसाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची संस्था उभी राहिली. आमच्या शेजारच्या खाशाबांचं बघा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक एका प्राचार्यांच्या घरावर उभं आहे!

आणि गंमत बघा. खाशाबा ज्या लंडनला गेले होते, त्याच ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, २९ जुलै १९४८ ला, लंडनबाहेरच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर आपल्या व्हीलचेअरवरच्या रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा भरवत होते. सोळा खेळाडू, सगळे माजी सैनिक. मणका मोडलेला माणूस म्हणजे कॉटवर पडून शेवटाची वाट बघणारा, असं तेव्हाचे डॉक्टरसुद्धा मानायचे. गुटमान नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले. त्यांनी हे मानलंच नाही. रुग्णांना कुशीवर वळवा, बसवा, हातात चेंडू द्या, धनुष्य द्या. त्या सोळा जणांच्या स्पर्धेतूनच पुढं पॅरालिम्पिक उभं राहिलं.

पहिलं पॅरालिम्पिक झालं १९६० मध्ये रोमला, बेनवेनुतीच्या त्याच रोमला. ऑलिम्पिक संपून आठवडाच झाला होता. २३ देशांचे सुमारे चारशे खेळाडू आले. आणि आल्यावर कळलं की राहायच्या इमारती खांबांवर उंच आहेत आणि वर जायला जिना! मग इटालियन सैनिकांनी खेळाडूंना व्हीलचेअरसकट उचलून वर-खाली नेलं. मी हे वाचलं आणि रात्री दीड वाजता एकटाच हसलो. अरे, रोमलासुद्धा आमच्यासारख्याच पायऱ्या!

हायडेलबर्गचंही तेच. १९७२ चं ऑलिम्पिक म्युनिकला होतं. मग पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का? तर म्युनिकच्या ऑलिम्पिक ग्राममधले फ्लॅट खाजगी लोकांना द्यायचे ठरले होते, तिथं व्हीलचेअरवाल्यांची सोय होईना. म्हणून स्पर्धा दुसऱ्या गावात. पेटकरांच्या सुवर्णपदकावर हायडेलबर्ग हे नाव आलं त्यामागंही इमारतींचाच घोळ आहे.

मित्रांनो, इमारती कोण बांधतं? आपणच. मी सिव्हिलचा आहे!

दुसऱ्या दिवशी टेप घेतली आणि घराचं जोतं मोजलं. तीस इंच. एवढं उंच का? २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरात आलं होतं. पुढच्या वर्षी आण्णांनी कर्ज काढून घराची डागडुजी केली तेव्हा जोतं वर उचलून घेतलं. पाणी आत येऊ नये म्हणून बांधलेल्या पायऱ्यांनी माणूस आत कोंडला. यात कुणाची चूक म्हणायची?

दिवाळीच्या सुट्टीत आण्णांना म्हटलं, रॅम्प करू. गावातल्या गवंडीमामांना बोलावलं. मामा म्हणाले, "मोटारसायकल चढवायला करत्यात तसाच ना?" मी रुबाबात म्हणालो, "हो, तसाच. बारा फुटांत बसवा." दोन दिवसांत उतार तयार झाला. कोबा वाळला. दादाला खुर्चीत बसवलं, खाली आणलं आणि म्हटलं, "चढ."

दादानं चाकं ढकलली. चार फूट गेला, थांबला. पुन्हा जोर लावला. पुढची छोटी चाकं उचलली गेली आणि खुर्ची मागं झुकली. आण्णा मागं होते म्हणून, नाही तर डोकंच आपटलं असतं. आण्णा काही बोलले नाहीत. दादाही बोलला नाही. गवंडीमामा तंबाखू मळत म्हणाले, "इंजिनेर, मापात कायतरी चुकलं बगा."

चुकलं होतं, आणि काय चुकलं ते मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं! इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, इन्क्लाइन्ड प्लेन. आठ मार्कांचं गणित, मी पाठ करून लिहिलेलं. तीस इंच उंची बारा फुटांत म्हणजे जवळजवळ पाचास एक चढ. माणूस आणि खुर्ची मिळून ऐंशी किलो धरले, तर त्या चढावर माणसाला सतत सोळा किलोचा जोर लावावा लागतो. मोटारसायकलला इंजिन असतं, दादाला नव्हतं. व्हीलचेअरसाठी चढ बारास एक लागतो. म्हणजे इंचाला फूट. तिथं जोर साडेसहा किलोवर येतो. चढाचा कोन पावणेपाच अंश, डोळ्याला जवळजवळ सपाटच वाटतो. तीस इंचाला तीस फूट. आणि आमचं अंगण बावीस फूट!

ड्रॉइंगशीट घेऊन बसलो. सबमिशन नसताना शीट काढायची आयुष्यातली पहिलीच वेळ. एका दमात तीस फूट बसत नाही, तर दोन तुकडे करू. पंधरा फूट जायचं, तिथं सपाट जागेवर वळायचं, पंधरा फूट परत यायचं. वळायच्या जागेला पाच फूट, कारण खुर्ची पुरती फिरली पाहिजे. पंधरा आणि पाच, वीस फूट. बसतंय! रुंदी चार-चार फूट. दोन्ही बाजूंना जीआय पाइपचा कठडा आणि कडेला तीन इंचाची वीट, चाक घसरू नये म्हणून. आईची तुळस मात्र आड येत होती. आई म्हणाली, "हलवा. तुळशीला काय, ती पलीकडंबी येती."

पैसे जमवण्यात सहा महिने गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे २०२५ मध्ये, पहिला उतार फोडला आणि नवा बांधला. या वेळी लेव्हल पाइप मी स्वतः धरला. गवंडीमामा दर चार फुटांनी विचारायचे, "हितं किती?" आणि मी सांगायचो. कोबा आठ दिवस भिजवला. नवव्या दिवशी दादा सोप्यातून निघाला. आण्णा मागं उभे राहायला गेले तर म्हणाला, "आण्णा, तुमी चहा घ्या."

तो खाली गेला. वळला. अंगणात थांबला. मग फाटकातून बाहेर रस्त्यावर गेला, आणि वीस मिनिटं आलाच नाही! आईचा जीव खालीवर. आला तेव्हा म्हणाला, "चौकापतूर जाऊन आलो. रस्ता लई खराब झालाय."

साडेतीन वर्षांनी दादा स्वतःहून, कुणाला हाक न मारता, घराबाहेर गेला आणि परत आला. आमच्या घरात त्या दिवशी ना पेढे वाटले ना हार आणला. आईनं फक्त भाकरी थापताना एक जास्त थापली.

आता तुम्ही म्हणाल, मग तो पोहायला लागला का? पदक कधी? नाही मित्रांनो, तसं काही झालेलं नाही. प्रत्येकानं पदक आणलंच पाहिजे असा काही नियम नाही. पण दादा आता पहाटे उठतो. गावाच्या मैदानावर भरतीची पोरं पळतात तिथं स्टॉपवॉच घेऊन बसतो. कोण कुठं दम सोडतो, कुणाचा हात उगाच हलतो, ते त्याला बरोबर दिसतं. "तिसऱ्या राउंडला मरतंयस लेका, पहिला राउंड हळू काढ." पोरं ऐकतात. बुटांचा आवाज आला की तो आता भिंतीकडं तोंड करत नाही.

यंदा हॉस्टेलच्या गणपतीला मी दादाला बोलावलं. एसटीच्या पायऱ्या चढणं शक्य नाही, म्हणून मित्राच्या गाडीतून आणलं. पेठ नाक्यावर दादा म्हणाला, "थांबव. त्यांचं गाव हेच न्हवं?" मी म्हटलं हो. तो काचेतून बघत राहिला. वडापावच्या गाड्या, उतरणारी पोरं, सॅक, बादल्या. मग म्हणाला, "पदक बाहत्तरला. सरकारनं कधी विचारलं त्यांना?"

मी सांगितलं. पद्मश्री २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, ५३व्या वर्षी. खाशाबांना तर अर्जुन मरणोत्तर मिळाला. १९८४ मध्ये ते अपघातात गेले, त्यानंतर कितीतरी वर्षांनी. दादा गप्प बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "आता तरी लवकर बघत्यात का?" मी त्याला सचिन खिलारींचं सांगितलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे, शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर. शाळेत असताना सायकलवरून पडून हात अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर आणि रौप्यपदक. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षाचा. "मग बरं हाय," दादा म्हणाला. "गाडी घे."

हॉस्टेलवर आलो. दारात तीन पायऱ्या. मी विसरलोच होतो! रोज उड्या मारत चढतो, त्या कशाला लक्षात राहतील? आमच्या विंगची पोरं मात्र दिलदार. चौघांनी धरली खुर्ची आणि "गणपती बाप्पा मोरया" म्हणत दादाला वर आणलं. टाळ्या झाल्या. दादा हसला. आरती झाली, मेसमध्ये मोदक झाले, तिथंही उचलून. रात्री निघताना पुन्हा उचलून खाली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

दादा म्हणाला, "पोरं लई चांगली हायत रं तुझी. पण गणपतीला उचलून आणत्यात. मी माणूस हाय. मला माझं मी यायचं हुतं."

मी पहिल्या वेळी त्याच्यावर रागावलो होतो. या वेळी रागावलो नाही. तो गेल्यावर टेप काढली.

हे लिहायला घेतलं ते प्रेरणा वगैरे देण्यासाठी नाही. प्रेरणेचे पोस्टर आपल्या कॉरिडॉरमध्ये भरपूर आहेत. पेटकरांच्या अंगात जी जिद्द होती ती आपल्यात कुणाच्या अंगात आहे ते मला सांगता येणार नाही, आणि ती कुणाला उसनी देताही येत नाही. पण पाण्यापर्यंतची वाट करून देणं हे जिद्दीचं काम नाही. ते मापाचं काम आहे, आणि ते आपल्याला शिकवलेलं आहे.

तर मी मोजलं ते असं. हॉस्टेलचं दार: तीन पायऱ्या, १८ इंच, रॅम्प १८ फूट. दाराच्या डावीकडं आपण सायकली लावतो तिथं २४ फूट मोकळी जागा आहे. मेस: दोन पायऱ्या, १२ इंच, १२ फूट. जागा आहे, फक्त जुन्या कॉटचं भंगार हलवावं लागेल. लायब्ररी: सहा पायऱ्या, ३६ इंच. तिथं एका वळणात भागणार नाही, दोन लागतील. ड्रॉइंग काढून ठेवलं आहे. रूमवर या, बघा, माप चुकलं असेल तर सांगा. एकदा चुकलेलं आहे.

आणि पुढच्या वेळी पेठ नाक्यावर गाडीची वाट बघत असाल, तर शेजारच्या पोराला विचारा, हे कुणाचं गाव आहे माहीत आहे का?

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी